गार हवा म्हणजे कोरडी हवा नव्हे

पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो, दार फुगून चौकटीत अडकतं, जुन्या पुस्तकाला कुबट वास येतो. हे सगळं दमट हवेमुळे होतं हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही संग्रहालयाच्या दालनात गार झुळूक लागली की आपण म्हणतो, "एसी आहे, म्हणजे चित्रं नीट राहणार." गारवा आपल्या अंगाला लागतो. कागद, लाकूड आणि हस्तिदंत यांना मात्र आधी जाणवते ती हवेतली ओल.

जुलैतली मुंबईची हवा घ्या: 30 अंश सेल्सिअस, आर्द्रता 80 टक्के, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते तिच्या 80 टक्के. अशा एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा 24 अंशांवर आणली की तिच्यात जेमतेम 22 ग्रॅम मावतात. म्हणजे दोनेक ग्रॅम पाणी निथळून गेलं तरी उरलेली हवा तुडुंब भरलेली, 100 टक्क्यांवर! ती 55 टक्क्यांवर आणायची तर 12 ग्रॅमच उरले पाहिजेत. निम्मं पाणी बाहेर काढावं लागतं.

एसीच्या गार नळ्यांवर पाणी जमतं आणि गळतं, हे खरं. पण साधा एसी ऐकतो तापमानाचं. खोली 24 अंशांवर आली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो आणि नळ्यांवरची ओल परत खोलीत जाते. गरजेपेक्षा मोठा एसी तर आणखी लवकर थांबतो. खोली गारही होते आणि दमटही राहते. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, ऐकतो आर्द्रतेचं. तो हवा आधी गार नळ्यांवरून नेऊन पाणी काढतो, मग गरम नळ्यांवरून परत सोडतो. त्यामुळे खोली किंचित उबदार होते. पाहुणे कुरकुरतील, पण लघुचित्राच्या दृष्टीने ही खोली बरी.

मुळात आधुनिक एसीचा जन्मच ओलीपायी झाला. 1902 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या अभियंत्याने ती यंत्रणा आखली.

उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनचं. तिथल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जुन्या वाड्यांमध्ये हिवाळ्यात हीटर लावतात ते आर्द्रता पाहून. 10 अंशांवर 80 टक्के आर्द्रता असलेली हवा 14 अंशांवर नेली की आर्द्रता 62 टक्क्यांच्या आसपास येते, एक थेंबही न काढता. मुंबईच्या जुलैत ही युक्ती माणसांना सोसणार नाही, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: हवा तापवूनही वस्तू वाचवता येतात.

आता इमारतीकडे वळू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेटची. ती 1914 मध्ये बांधून झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि 1922 मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. त्या काळच्या अशा दगडी इमारतींचे उंच छत आणि व्हरांडे वारा खेळता राहावा म्हणून असत. अशा वास्तूचं एखादं दालन बंद करून नुसतं गार केलं, तर बाहेरची दमट हवा फटींतून येऊन गार काचेवर नि धातूच्या जाळीवर पाणी होऊन बसते. चुन्याचा गिलावा ती ओल घेतो आणि सोडतो. त्यावर कुणी ऑइलपेंट फासला असेल तर ओल आत अडकते, रंग फुगतो, पोपडे सुटतात. दिवसा एसी चालू, रात्री बंद, हे तर सर्वांत वाईट. लाकूड रोज थोडं फुगतं, थोडं आकसतं, आणि त्यावरचा रंग तेवढा लवचिक नसतो.

म्हणून माझ्या मते जुन्या वास्तूत सगळं दालन जिंकायचा हट्ट धरू नये. नाजूक वस्तूला घट्ट बसणारी काचपेटी द्यावी आणि तळाशी, नजरेआड, सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा ट्रे ठेवावा. हे दाणे अगदी ठणठणीत कोरडे नसावेत. 50-55 टक्के आर्द्रतेत आधी मुरवून घेतलेले असावेत. पेटीतली हवा दमट झाली की ते ओल घेतात, कोरडी पडली की परत देतात. रात्री वीज गेली तरी त्यांचं काम चालूच राहतं.