ड्रम अडकलाय, पण नेमका कुठे?

मारुती ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. परभणी-हिंगोलीकडं ती अजून धावते: शाळेची मुलं, आठवडी बाजाराची भाजी, लग्नाचं वऱ्हाड. यातल्या कितीतरी गाड्या पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभ्या असतात. मग मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारं अस्तर, बघायची वेळ येते तेव्हा चाक निघतं, पण ते अस्तर झाकणारा, चाकाबरोबर फिरणारा ड्रम जागचा हलत नाही, आणि हात घणाकडं जातो. त्याआधी ड्रम कुठं अडकलाय ते ओळखावं, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

सुरुवात जमिनीपासून. काळ्या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन फुगतो आणि मऊ पडतो, त्यामुळे वरून घट्ट दिसणाऱ्या रानातही जॅक तिरका होऊन रुततो. गाडी फरशीवर किंवा काँक्रीटवर घ्यावी. ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. ओम्नीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना असतो, म्हणून ती चाकं उचलली की गिअरही गाडी धरून ठेवत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि ॲक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय खाली हात घालू नये. नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

आता गिअर न्यूट्रल करून ड्रम हातानं फिरवून बघा. अजिबात फिरत नसेल, तर लायनर आतून ड्रमला चिकटलेत किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली आहे. मोकळा फिरतो पण बाहेर सरकत नाही, तर मधल्या भोकाशी हबवर, म्हणजे ड्रम ज्यावर बसतो त्या मधल्या भागावर, गंज धरलाय. थोडा बाहेर येऊन थांबतो, तर झिजेची कडा आडवी येतेय. लायनर जिथं घासतात तिथं ड्रम वर्षानुवर्षं झिजतो, काठाशी मात्र तसाच राहतो. अरुंद तोंडाच्या भांड्यात मूठ अडकावी तसे शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, त्या कडेच्या आत अडकतात. कितीही ओढलं तरी आतल्या स्प्रिंगा आणि पिना वाकतील, एवढंच. इथं केबल सैल करायची आणि ड्रममागच्या प्लेटच्या खाचेतून शूमधलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यायचे.

गंजाची गोष्ट वेगळी. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीहून जास्त होतं. हब आणि ड्रममधली फट केसाएवढी असते. त्यात हा फुगवटा पाचरीसारखा बसतो. गंज सोडवणारं पातळ तेल त्या फटीत केशाकर्षणानं आपोआप शिरतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. रात्रभर दिला तर उत्तम. तेल बेतानंच टाका, लायनरवर गेलं तर ब्रेक लागणार नाही.

अनेक ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुधा ८ मि.मी. बोल्टची. त्यांतला गंज साफ करून दोन बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. २० सें.मी.च्या पान्ह्यावर साडेसात किलोचा जोर दिला तरी असा एक बोल्ट साधारण ९०० किलो वजनाइतका दाब देतो, तोही सरळ हबवर आणि सारखा. एवढं बळ घणात शोधायची गरजच काय?

घणाचं भय खरं आहे. ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो. बिडात साधारण ३ टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड उष्णता चांगली वाहून नेतं, कंपनं शोषतं, म्हणून ब्रेकला ते योग्य. पण ताण पडला की प्रत्येक पापुद्रा आतल्या तड्यासारखा वागतो. दाब सोसणारं बीड काठावर बसलेल्या एका घावानं फुटू शकतं. बोल्ट ताणलेले ठेवून चाकाच्या स्टडांच्या (ज्यांवर नट बसतात त्यांच्या) मधल्या जागी हलकेच ठोकलं, तर कंपनांनी गंजाची पकड सुटते. गॅसची ज्योत मात्र नकोच. ६० मि.मी.चं भोक १०० अंशांनी तापवलं तरी सात शतांश मिलिमीटरही मोठं होत नाही. शिवाय आत रबरी वायसर, ब्रेक ऑईल आणि नुकतंच टाकलेलं तेल, सगळं पेट घेणारं.

ड्रम निघाला की हवेच्या पाइपनं धूळ उडवायची सवय सोडा, ही विनंती. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग कित्येकदा २०-४० वर्षांनी उमटतो. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोरांच्या नाकात ते तंतू का जावेत? धूळ पाण्यानं ओली करून फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रम बाहेर असताना ब्रेकचं पेडल कोणी दाबणार नाही हे बघा, नाहीतर सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील.

बसवताना ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाशी माप ताडून बघा, जास्त झिजला असेल तर तो बदलायचा. हबचा गंज घासून तिथं तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात द्या. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवा.