गुडघ्यातले पाणी आणि अर्धवट सुटलेला व्यायाम

गुडघ्याचा सांधा बदलून घरी आलेल्या रुग्णाने फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम दोन-तीन आठवड्यांत सोडून दिले, की घरची मंडळी एका शब्दात निदान करून मोकळी होतात: आळस. मुलगा रागावतो, सून समजावते, शेजारचे काका स्वतःच्या ऑपरेशनची हकिकत ऐकवतात आणि रुग्ण ओशाळून गप्प बसतो. नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या रुग्णालयांत ऑपरेशन करून भंडारा, गोंदिया, यवतमाळकडे परतणाऱ्यांची अडचण तर आणखी मोठी असते, कारण पुढचे कित्येक आठवड्यांचे काम त्यांना एका छापील कागदाच्या भरवशावर पार पाडायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार सांगितल्याप्रमाणे पाळतात. इतक्या माणसांना आळशी ठरवून काहीच हाती लागत नाही. व्यायाम सुटण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण मात्र रुग्णाच्या स्वभावात नसून त्याच्या मज्जारज्जूत आहे, आणि ते रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही.

ऑपरेशननंतरचा पहिला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ असतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, मांडीचा पुढचा स्नायू पाच सेकंद घट्ट करायचा आणि सोडायचा. रुग्ण मनापासून जोर लावतो, पण मांडीवर हात ठेवून पाहिले तर स्नायू जेमतेम हललेला असतो. ‘मी जोर लावतो आहे, पण पाय ऐकतच नाही,’ ही तक्रार प्रत्येक फिजिओथेरपिस्टच्या ओळखीची आहे. चार दिवस असे गेले, की रुग्ण दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: एक तर ऑपरेशन बिघडले, किंवा हा व्यायाम निरुपयोगी आहे. दोन्ही चुकीचे आहेत, पण त्याच्या अनुभवाशी मात्र दोन्ही जुळतात.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली सांधा बदललेल्या रुग्णांची ऑपरेशनपूर्वी आणि सुमारे चार आठवड्यांनंतर तपासणी केली. मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद ६२ टक्क्यांनी घटली होती. स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र केवळ १० टक्क्यांनी कमी झाले होते. स्नायू जवळपास तेवढाच असताना त्याची ताकद इतकी कुठे गेली? हे शोधण्याची पद्धत फार सुंदर आहे. व्यक्तीला खुर्चीत बसवून पाय सरळ करण्यासाठी पूर्ण जोर लावायला सांगतात आणि त्याच क्षणी स्नायूला विजेचा एक छोटा झटका देतात. सगळे स्नायुतंतू आधीच कामाला लागलेले असतील, तर झटक्याने जोर वाढत नाही. तो वाढला, तर स्नायूचा काही भाग इच्छा असूनही कामाला लागलाच नव्हता, असा त्याचा अर्थ होतो. या रुग्णांत असा निष्क्रिय राहिलेला भाग ठळकपणे वाढला होता, आणि ताकद घटण्यामागे स्नायू बारीक होण्यापेक्षा या निष्क्रियतेचा वाटा जवळजवळ दुप्पट होता.

स्नायूला ही बंदी गुडघ्याकडून येते. सांध्याभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणात रफिनी नावाचे संवेदक असतात. सूज येऊन सांध्यात पाणी साठले, की हे आवरण ताणले जाते आणि संवेदक सतत संदेश पाठवू लागतात. हे संदेश कमरेच्या भागातील मज्जारज्जूत पोहोचतात, तिथल्या दमनकारी चेतापेशींना जागे करतात, आणि त्या पेशी क्वाड्रिसेप्सला आज्ञा देणाऱ्या अल्फा चेतापेशींना दाबून धरतात. मेंदूने पाठवलेला आदेश मज्जारज्जूपर्यंत येतो, पण पुढे त्याचा काही अंशच जातो. घराचा मीटर चालू असताना एका खोलीचा एमसीबी उतरलेला असावा, तशी ही स्थिती असते. यासाठी वेदना असणेही आवश्यक नाही. १९८४ साली निरोगी गुडघ्यांत निर्जंतुक सलाईन टोचून केलेल्या प्रयोगात क्वाड्रिसेप्सचा मांडीच्या आतल्या बाजूचा भाग अवघ्या २० ते ३० मिलिलिटर द्रवाने मंदावला, तर इतर भागांना मंदावण्यासाठी ५० ते ६० मिलिलिटर द्रव लागला. दोन मोठे चमचे भरतील एवढे पाणी धडधाकट माणसाच्या मांडीचा जोर काढून घेऊ शकते, हे मला आजही विलक्षण वाटते.

याला जोडून आणखी एक मंडल बिघडते. स्नायूच्या आत त्याची लांबी मोजणारे, चातीच्या आकाराचे संवेदक असतात. गॅमा चेतापेशी त्यांना ताणलेले ठेवतात, ते संवेदक अल्फा चेतापेशींना उत्तेजक संदेश परत पाठवतात, आणि पूर्ण जोर लावताना या परतीच्या संदेशांची भर पडावी लागते. सांध्याला इजा झाल्यावर गॅमा पेशींना मिळणारी माहिती बिघडते, परतीचे संदेश मंदावतात आणि अल्फा पेशी दोन्ही बाजूंनी अडचणीत येतात: एकीकडून दमन वाढलेले, दुसरीकडून उत्तेजन घटलेले. दुखावलेल्या सांध्यावर भार येऊ नये यासाठी ही व्यवस्था उपयोगी असेलही, पण ती गरज संपल्यावरही महिनोन्महिने चालू राहू शकते.

इथे व्यायाम सुटण्याचे मर्म आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायामाने जे सुधारते ते मुख्यतः चेतासंस्थेत सुधारते. १९७९ साली मोरितानी आणि डी-व्ह्रीस यांनी निरोगी व्यक्तींच्या बाबतीत दाखवून दिले, की ताकदीच्या व्यायामात आरंभीची वाढ चेतासंस्थेमुळे होते आणि स्नायू जाड होण्याचा वाटा तीन ते पाच आठवड्यांनंतर वरचढ ठरतो. म्हणजे कष्ट आणि दुखणे आजचे, सुधारणा मात्र अशा जागी, जिथे ती आरशात दिसत नाही आणि मांडीला टेप लावूनही मोजता येत नाही. अशा काळात ‘नियमित करा बरं’ एवढ्या सांगण्यावर कोणाचाही उत्साह टिकणार नाही. त्याऐवजी पहिल्याच भेटीत फिजिओथेरपिस्टने रुग्णाचा हात त्याच्या मांडीवर ठेवून, स्नायू का ऐकत नाही आणि तो ऐकू लागल्याचे कसे ओळखायचे हे पाच मिनिटे समजावून सांगितले, तर त्या पाच मिनिटांचा उपयोग पुढे प्रत्येक दिवशी होतो. व्यायामाआधी थोडा वेळ बर्फ लावल्यास हे दमन तात्पुरते कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय बर्फ लावू नये. स्नायूला विजेची सौम्य उत्तेजना देण्याचा हेतूही हाच असतो.

याच हताश आठवड्यांत चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी आणि ‘नस मोकळी करणारी’ तेले घरात शिरतात. चुंबकीय मनगटी पट्टे आणि तांब्याची कडी यांची सांध्यांच्या झिजेच्या रुग्णांवर इंग्लंडमध्ये रीतसर चाचणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत बनावट पट्ट्यांपेक्षा वेगळा असा कोणताही अर्थपूर्ण परिणाम आढळला नाही. ताज्या ऑपरेशनच्या पायाला जोरात मालिश करवून घेणे तर धोक्याचेच आहे, कारण पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

नियमितपणासाठी निश्चयापेक्षा नेमकी वेळ आणि जागा ठरवणे अधिक उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या विषयाची मांडणी केली. २००२ साली ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून एकदा व्यायाम कधी आणि कुठे करणार हे लिहून देणाऱ्यांपैकी ९१ टक्के विद्यार्थ्यांनी तो केला; काहीच न सांगितलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. हे निरोगी तरुण होते, त्यामुळे हा आकडा सत्तरीच्या आजींना जसाच्या तसा लागू होणार नाही. पण नितंबाचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांच्या अभ्यासातही असे ठरवणारे रोजच्या कामांकडे लवकर परतल्याचे दिसले. म्हणून ‘रोज तीनदा’ असे कागदावर लिहिण्याऐवजी ‘सकाळचा चहा झाला की दिवाणावर, दुपारी जेवण्याआधी त्याच जागी, संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर’ असे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, दुपारची वेळ कूलरसमोरच्या खोलीत ठरवली नाही तर ती आपोआप गळते, हेही तेव्हाच बोलून घ्यावे.

‘२१ दिवस करा, मग सवय लागते’ या फॉरवर्ड होणाऱ्या सल्ल्यावर मात्र विसंबू नये. तो मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली नोंदवलेल्या वैयक्तिक निरीक्षणातून पसरला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला, तर त्यात अस्वाभाविक असे काहीच नाही.

व्यायामांची संख्याही कमी असावी. पासष्टीपुढील व्यक्तींच्या एका अभ्यासात दोन व्यायाम दिलेल्यांनी ते आठ व्यायाम दिलेल्यांपेक्षा अधिक बिनचूक करून दाखवले. वहीत खुणा करायला सांगणे चांगले, पण त्या खुणांवरून रुग्णाची परीक्षा घेऊ नये. परीक्षेची भीती असली, की दवाखान्याच्या पायरीवर बसून आठवड्याच्या खुणा एकदम भरल्या जातात. त्याऐवजी खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येते हे दर आठवड्याला मोजावे, आणि घरच्यांपैकी एकाने ते मोजण्याचे काम घ्यावे, रागावण्याचे नव्हे.

व्यायाम किती करावा, याची खूण सूजच देते. व्यायामानंतर थोडे दुखून रात्रीपर्यंत शांत झाले, तर प्रमाण योग्य आहे. दुसऱ्या सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला दिसला, तर सांध्यात पाणी वाढले आहे आणि स्नायू पुन्हा मंदावणार आहे. अशा वेळी व्यायाम बंद न करता त्या दिवशी त्याची आवर्तने कमी करावीत आणि फिजिओथेरपिस्टला फोन करावा. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनकडे जावे. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.