शनिवारी घाण्याचा बैल का थांबायचा? ज्यू धर्मातल्या जनावरांची पार्श्वभूमी

अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यात 'शनिवार तेली' हा शब्द जुन्या लोकांच्या तोंडी असायचा. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते शनिवार तेली, आणि सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली. आपण ही गोष्ट नेहमी माणसांच्या बाजूने सांगतो, की बघा हे लोक इतकी शतकं आपला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, विसरले नाहीत. पण घाणा बंद म्हणजे बैलही मोकळाच ना. आणि ही सुट्टी बैलाला आपोआप मिळालेली नाही, ती त्याच्या नावाने लिहून ठेवलेली आहे. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या पुस्तकात दहा आज्ञा परत सांगितल्यात, तिथे सातव्या दिवशी काम न करणाऱ्यांच्या यादीत तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझी बाकीची जनावरं आणि तुझ्या दारातला परका असे सगळे एका दमात येतात.

मला या सगळ्या विषयात हीच ओळ सगळ्यात मोठी वाटते. जनावरांवर दया करा असं सगळीकडेच सांगितलेलं असतं, पण इथे बैल थेट कायद्याच्या कलमात आहे, दासाच्या शेजारी. मग पुढे दोन हजार वर्षं या लोकांनी एकच प्रश्न परत परत घासलाय, की हा कायदा नक्की कोणासाठी आहे, बैलासाठी की बैलाच्या मालकाचं मन सुधारावं म्हणून? आज युरोपातल्या कोर्टात जनावरांच्या कत्तलीवरून जे वाद चालतात त्यांच्या मुळाशीसुद्धा हाच प्रश्न आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करू.

तोराच्या पहिल्याच अध्यायात माणसाला मांस दिलेलंच नाही. झाडपाला, बिया, फळं एवढंच, माणसालाही आणि जनावरांनाही. मांसाची परवानगी येते ती नोहाच्या जलप्रलयानंतर, आणि तीही लगेच अट घालून, की रक्तासकट खायचं नाही. यावरूनच पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, एक नियम काढला की जिवंत जनावराचा अवयव तोडून खाणं सगळ्या मानवजातीलाच मना आहे, फक्त ज्यू लोकांना नाही. नोहाच्या नावाने जे सात नियम सांगतात त्यातला हा एक.

मग शेतातल्या जनावरांचे नियम. मळणी चालू असताना बैलाला मुसकं बांधायचं नाही, म्हणजे तो कणसं तुडवतोय तर त्याला त्यातलं खाऊ द्यायचं. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपायचे नाहीत. गाय किंवा मेंढी आणि तिचं पिल्लू एकाच दिवशी कापायचं नाही. नवं पिल्लू निदान सात दिवस आईजवळ राहू द्यायचं. घरट्यात पक्षीण अंड्यांवर बसलेली दिसली तर तिला आधी उडवून लावायचं, मगच अंडी घ्यायची, आणि या एवढ्याशा गोष्टीला बक्षीस काय तर दीर्घायुष्य, जे आईवडिलांचा मान राखण्याला सांगितलंय तेच. तुझ्या वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर निघून जाऊ नको, हात लाव. आणि योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य बघा, देव विचारतो की निनवे शहरात एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत आणि पुष्कळ जनावरं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? पुस्तक तिथेच संपतं, जनावरांच्या उल्लेखावर.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको हे तर तीन वेळा आलंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो सांगतो की ज्या दुधावर पिल्लू जगायचं त्यातच ते शिजवणं हा क्रूरपणा आहे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या कायदेपंडिताला मात्र वाटलं की ही मूर्तिपूजकांची कुठली तरी रीत असणार म्हणून मनाई. कारण काहीही असो, नियम पसरत पसरत मांस आणि दूध एकत्र नकोच इथपर्यंत गेला, भांडीसुद्धा वेगळी झाली, आणि म्हणून आपल्या बेने इस्राएल घरांमध्ये मटणाच्या रश्श्यात नारळाचा रस पडतो, दही नाही. मासेही फक्त पर आणि खवले असलेले. डेव्हिड रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने म्हणे बायकांना मिसळलेले मासे शिजवायला दिले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, त्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच, ही परंपरा अजून सांगतात. म्हणजे हिब्रू विसरली, पुस्तकं गेली, पण कुठला मासा चालतो हे स्वयंपाकघरात टिकलं.

आता तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. तिथे या सगळ्याला एक नाव मिळालं, त्सार बाले खायिम, म्हणजे जिवंत प्राण्यांचा त्रास. तो देऊ नये हे खुद्द तोरातलं आहे की रब्बींनी नंतर घातलेलं यावर लांबलचक चर्चा आहे, आणि ती हवेतली नाही, त्यावर पुढचे नियम ठरतात. उदाहरण म्हणजे जनावर शब्बाथच्या दिवशी पाण्याच्या चरात पडलं तर काय करायचं? तर त्याच्याखाली उशा गाद्या सारायच्या म्हणजे ते स्वतः वर येईल. आता शब्बाथला गादी अशी वापरणं रब्बींच्या नियमात बसत नाही, पण जनावराचा त्रास हे तोरातलं असल्यामुळे रब्बींचा नियम बाजूला पडतो. गायीचंही तसंच, दूध न काढल्यास तिला ठणका लागतो म्हणून शब्बाथला दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून धार काढून घ्यायला परवानगी, आणि विसाव्या शतकात इस्राएलमधल्या धार्मिक किबुट्झच्या, म्हणजे सामूहिक शेतवस्त्यांच्या, गोठ्यांमध्ये हेच काम मशीनवर टाकण्याची सोय शोधली गेली. अजून एक नियम, मला फार आवडतो, की आधी जनावरांना घाल आणि मग तू जेव. का, तर तोरात वाक्याचा क्रमच तसा आहे, तुझ्या गुरांसाठी रानात गवत देईन आणि तू खाऊन तृप्त होशील.

याच तालमूदमध्ये यहुदा हानासीची गोष्ट आहे. हा माणूस साधा नव्हे, इसवी सन २०० च्या आसपास मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या कायद्याचा संग्रह, संकलित करणारा तो हाच. कत्तलीला नेत असलेलं एक वासरू पळत आलं, त्याच्या झग्यात डोकं खुपसून रडायला लागलं, आणि हा म्हणाला, जा, तुला त्यासाठीच निर्माण केलंय. तर वर ठरलं की याला दया नाही, याला दुखणी येऊ देत, आणि १३ वर्षं तो दुखण्यांनी हैराण राहिला. मग एक दिवस घरात मोलकरीण झाडत होती, कोपऱ्यात मुंगसासारख्या कुठल्याशा प्राण्याची पिल्लं सापडली, ती झाडून टाकणार तेवढ्यात हा म्हणाला राहू दे गं, त्याची दया त्याच्या सगळ्या निर्मितीवर आहे असं लिहिलंय, आणि दुखणं थांबलं. नीट बघा, वासराच्या बाबतीत त्याने काहीही बेकायदा केलं नव्हतं. मांस खायला परवानगी होतीच. शिक्षा झाली ती त्याच्या बोलण्याला.

पण त्याच मिश्नात असंही आहे की कोणी प्रार्थनेत म्हणायला लागला की देवा, तुझी दया पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोचते, तर त्याला गप्प करायचं. एक कारण असं सांगितलं की या देवाच्या आज्ञा आहेत, त्याला तुम्ही दया वगैरे म्हणू नका. मैमोनिदेस, जन्म ११३८ कोर्दोबाचा, मृत्यू १२०४, इजिप्तमध्ये राहिलेला डॉक्टर आणि कायदेपंडित, त्याने आपल्या कायद्याच्या ग्रंथात हेच लिहिलं, आणि नंतर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मात्र सरळ म्हटलं की पिल्लाला आईसमोर मारलं तर तिला होणारं दुःख माणसाच्या दुःखापेक्षा वेगळं नाही, कारण आईची माया बुद्धीतून येत नाही आणि ती बहुतेक प्राण्यांत असते. आठशे वर्षांपूर्वीचं वाक्य आहे हे. त्यानंतर नाख्मानिदेस आला, १३व्या शतकात, तो म्हणाला की छे, जनावरांसाठी दया असती तर देवाने कापणंच बंद केलं असतं, हे नियम आपल्यासाठी आहेत, आपण निर्दय होऊ नये म्हणून. मला वाटतं दोघांचंही वाचल्यावर कोणा एकाला सोडून देता येत नाही.

बलिदानांबद्दल थोडक्यात. जेरुसलेमचं दुसरं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं आणि पशुबळी तिथेच थांबले, त्यांची जागा प्रार्थनेने घेतली. मैमोनिदेस तर म्हणतो की त्या काळच्या लोकांना बळीशिवाय पूजा सुचलीच नसती म्हणून ती सवलत दिली होती.

राहिली रोजची कत्तल, शेखिता. ती करणाऱ्याला शोखेत म्हणतात आणि तो नुसता खाटीक नसतो, शिकलेला, परीक्षा दिलेला, धर्माने वागणारा माणूस लागतो. सुरीला जराही दाता चालत नाही, आधी आणि नंतर ती बोटावर आणि नखावर फिरवून तपासतात. वार सलग, मध्ये थांबायचं नाही, दाबायचं नाही, फाडायचं नाही. मग फुप्फुसं तपासायची, रक्त मीठ लावून काढायचं. शेखिता करणारे म्हणतात की हाच कमीत कमी त्रासाचा मार्ग आहे. विरोधकांचं म्हणणं, आधी जनावर बेशुद्ध करा. अडचण अशी की डोक्यात खिळा मारून किंवा झटका देऊन बेशुद्ध केलं तर कापायच्या आधीच ते जखमी धरलं जाऊ शकतं, आणि जखमी जनावर कोशेर, म्हणजे धर्माने खायला चालणारं, राहत नाही.

इथून गोष्ट काळी होते. स्वित्झर्लंडमध्ये २० ऑगस्ट १८९३ ला लोकांनी मत देऊन बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी थेट राज्यघटनेत घातली, त्या देशातला जनतेने पुढाकार घेतलेला तो पहिलाच प्रस्ताव. त्याच्यामागे प्राणिमित्र होते हे खरं आणि ज्यू द्वेष होता हेही खरं. नॉर्वेत १९२९ चा कायदा, स्वीडनमध्ये १९३७. आणि मध्ये जर्मनी, हिटलर सत्तेवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते, २१ एप्रिल १९३३ ला शेखितावर बंदी. प्राण्यांवरच्या प्रेमाचं नाव देऊन माणसांना हाकलायची सुरुवात झाली. बर्लिनचे रब्बी येखिएल याकोव वाइनबर्ग यांनी तेव्हा विजेच्या झटक्याने बेशुद्ध करण्याला कुठे वाट निघते का हे खूप खोलात जाऊन शोधलं, पत्रं लिहिली, पण विल्नाचे रब्बी ग्रोडझेन्स्की विरोधात राहिले आणि ती वाट उघडली नाही. या इतिहासामुळेच आज बेल्जियममध्ये २०१९ पासून फ्लँडर्स आणि वालोनिया या दोन प्रांतांत बंदी आल्यावर तिथल्या ज्यू लोकांना नुसता मांसाचा प्रश्न दिसत नाही, त्यांना १९३३ आठवतं. मुस्लिम संघटनाही त्यांच्याबरोबर कोर्टात गेल्या. युरोपियन युनियनच्या कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये अशी बंदी घालता येते म्हटलं आणि १३ फेब्रुवारी २०२४ ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टानेही धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला नाही असा निकाल दिला. जनावराचं दुःख खरं आहे आणि त्या लोकांची भीतीही खरी आहे, कोणी एकच सांगत असेल तर अर्धीच गोष्ट सांगतोय.

पण परंपरेच्या आतूनही प्रश्न विचारणारे कायम होते, हे बाहेर फार कमी लोकांना माहिती असतं. १६व्या शतकात क्राकोवचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी लिहिलं की लेखणीसाठी जिवंत हंसाचं पीस उपटणं कायद्याने चालतं, तरी लोक ते टाळतात कारण तो क्रूरपणा आहे. लक्षात घ्या, पीस कशाला लागायचं तर लिहायला, त्या भागात तोराची गुंडाळीसुद्धा पिसाच्या लेखणीने आणि जनावराच्या कातड्यावर लिहिली जायची. नवे कपडे घालणाऱ्याला जुने होईपर्यंत वापर अशी शुभेच्छा देतात, ती शुभेच्छा कातड्याच्या बुटांसाठी देऊ नये ही रीतही त्यांनीच नोंदवली, कारण पुढचा जोड हवा तर पुन्हा एक जीव जाणार. १८व्या शतकात प्रागच्या रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांना एका श्रीमंत माणसाबद्दल विचारलं, जंगल आहे, शिकारीला जाऊ का? उत्तर आलं की तोरात शिकारी म्हणून दोघंच भेटतात, निम्रोद आणि एसाव, अब्राहाम इसहाकाच्या वंशजांचं हे काम नव्हे. आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी वासरांना अरुंद खोपट्यात कोंडून पांढऱ्या मांसासाठी वाढवण्याला विरोध केला, की मांस खायला परवानगी आहे, रंगासाठी छळायला नाही.

हंसांची गोष्ट तर पुढे इस्राएलमध्ये येऊन पोचली. युरोपातले ज्यू पिढ्यानपिढ्या हंस पोसायचे, कारण डुकराची चरबी मना आणि मांसाबरोबर लोणी मना, मग तळायला हंसाचीच चरबी. त्या पोसण्यातून घशात नळी घालून कोंबून भरण्याचा धंदा वाढला आणि इस्राएल फुगवलेल्या यकृताचा मोठा उत्पादक देश झाला. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये याला परवानगी देणारे नियम बेकायदा ठरवले. २०२१ मध्ये इस्राएलने फॅशनसाठी फरची विक्रीही बंद केली, असं करणारा तो पहिला देश, पण धार्मिक वापराला सूट ठेवली, म्हणजे हसिदी या कर्मठ पंथाचे पुरुष शब्बाथला घालतात ती फरची गोल टोपी अजून विकता येते, आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आधी कोंबडी डोक्याभोवती फिरवून कापायची रीतही काही मोहल्ल्यांत चालू आहे, जिला सोळाव्या शतकातच योसेफ कारो यांनी विरोध केला होता आणि जिच्या जागी आता बरेच लोक पैसे फिरवून गरिबांना देतात.