सहलीचा आराखडा मुलांच्या हाती येईपर्यंत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की खानदेशातील बहुतेक शाळांत सहलीची चर्चा सुरू होते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, म्हणून सहलीला हंगाम उरतो तो थंडीचाच. अलीकडे काही वर्गांत ही चर्चा वेगळ्या रीतीने होऊ लागली आहे. ठिकाण निवडणे, नकाशावर वाट शोधणे, अंतर आणि वेळ काढणे, माणशी वर्गणी ठरवणे, तिथल्या देवस्थानाची, बोलीची आणि जेवणाची माहिती जमवणे आणि शेवटी हिशेब मिटवणे ही सारी कामे मुले करतात, शिक्षक बाजूला बसून विचारतील तेवढेच सांगतात. गणित, भूगोल आणि संस्कृती या तिन्ही गोष्टी एका कामात गुंफणारा हा प्रकल्प नव्या धोरणाबरोबर बाहेरून आला, असा समज आहे. त्याचे नाव आणि चौकट बाहेरची आहे हे मान्य केले, तरी त्याचे बरेचसे धागे याच मातीतले आहेत, आणि ते मागे कुठवर जातात हे पाहण्यासारखे आहे.

चाळीसगावच्या दक्षिणेस, अजिंठा-सातमाळा रांगेच्या पायथ्याशी पाटण हे जुने गाव होते. आज आपण त्या जागेला पाटणादेवी म्हणतो आणि ती गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. तिथल्या देवळातील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील राजांनी त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, अशा स्वरूपाचा मजकूर त्यांत आहे. विद्वानांसाठी संस्कृत आणि ज्यांच्या खिशाला हात लागणार त्यांच्यासाठी मराठी, ही त्या लेखातील वाटणी मला फार बोलकी वाटते. गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालत होती आणि ते बाजारकरूंना त्यांच्याच भाषेत सांगितले जात होते.

त्या मठात जे ग्रंथ शिकवले जात असतील त्यांत भास्कराचार्यांचा अंकगणिताचा ग्रंथ लीलावती असणारच. तिच्यातील एक उदाहरण थेट प्रवासाचे आहे. शत्रूचे हत्ती आणण्यासाठी एक राजा निघाला, पहिल्या दिवशी तो दोन योजने चालला, नंतर रोज ठरावीक अंतर वाढवत सात दिवसांत ऐंशी योजने दूर असलेल्या शत्रूच्या नगरात पोहोचला, तर रोजची वाढ किती? श्रेढीच्या, म्हणजे सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या रीतीने उत्तर २२/७ योजने येते. हेच उदाहरण एकदा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवले. त्यावर एका मुलीने शेवटच्या दिवसाची चाल काढली : दोन अधिक सहा वेळा २२/७, म्हणजे १४६/७, जवळजवळ एकवीस योजने. चार कोसांचे एक योजन धरले तर त्र्याऐंशी कोसांहून अधिक. सहा दिवस चालून थकलेले सैन्य एका दिवसात एवढे चालेल का, असे तिने विचारले. उदाहरण श्रेढीचे आहे आणि भास्कराचार्यांना श्रेढीच शिकवायची होती, त्यामुळे ग्रंथाला त्यात उणेपणा येत नाही. परंतु त्या मुलीने जे केले, म्हणजे वहीतले उत्तर उचलून रस्त्यावर ठेवून पाहिले, तेच सहल आखण्याच्या प्रकल्पाचे मर्म आहे, आणि शाळेच्या गणितात ते शिरायला फार काळ लागला.

मधल्या शतकांत सामान्य मुलांच्या वाट्याला जे गणित आले ते पंतोजींच्या शाळेतले. धुळपाटीवर आकडे गिरवायचे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ करायची. अपूर्णांक लिहिण्याच्या आधी तो जिभेवर बसे. कापूस, भुईमूग, केळी यांचे व्यवहार करणाऱ्या खानदेशातील जुन्या माणसांना कागदाशिवाय हिशेब जमायचा तो यामुळे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मापेही बदलली, आणि ही पाढ्यांची शिदोरी हळूहळू विसरली गेली. त्याआधी सहलीची वर्गणी काढणेही आजच्याहून किचकट होते. माणशी एक रुपया सहा आणे आणि त्रेचाळीस मुले, म्हणजे ९४६ आणे, म्हणजे एकोणसाठ रुपये दोन आणे. हा हिशेब गुरुजींच्या वहीत होई आणि मुलांना फक्त आपला रुपया आणि सहा आणे ठाऊक असत.

भूगोलाचा धागा निराळ्या वाटेने आला. इंग्रजी अमदानीतील प्राथमिक अभ्यासक्रमात आपले गाव, तालुका, जिल्हा आणि मग इलाखा अशी ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणारी पायरी रुजली, आणि बालभारतीच्या तिसरीच्या पुस्तकांतून जिल्ह्याचा अभ्यास आजही होतो. खानदेशात मात्र ‘आपला जिल्हा’ हीच गोष्ट बदलत राहिली. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेला एकच खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. शहाद्याच्या एका घरात आजोबांचा जिल्हा पश्चिम खानदेश, वडिलांचा धुळे आणि मुलाचा नंदुरबार असतो. नकाशा ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, हे त्या घरातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. तापी मात्र मुलताईला उगम पावून आजही ७२४ किलोमीटर पश्चिमेकडेच वाहते.

वाटा बदलल्या तशा सहलीही बदलल्या. रेल्वेने भुसावळचे जंक्शन झाले, १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग आले. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत, कितीतरी मुलांची पहिली रेल्वे ठरली. छप्पन किलोमीटरच्या त्या मार्गावर वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी स्थानके लागत आणि पहूरहून अजिंठा जवळ पडे. २०२० च्या महासाथीत ती थांबली. अंतर, वेळ आणि वेग यांचे उदाहरण देण्यासाठी त्या गाडीसारखे साधन नव्हते, कारण तिचा वेग मुलांना खिडकीतून डोळ्यांनी मोजता येई. ती गेली याचे मला शिक्षक म्हणूनही वाईट वाटते.

स्थळ, तिथले काम आणि तिथले लोक यांचा अभ्यास एकत्रच व्हायला हवा, हा विचार पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने आग्रहाने मांडला होता, आणि १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. त्यांचे म्हणणे प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचले नाही. पण असे एकत्र पाहण्याची सवय आपल्याकडे जत्रांनी जिवंत ठेवली होती. मुक्ताईच्या वारीला, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला किंवा पाटणादेवीला नवस फेडायला बैलगाडीने निघायचे तर पाणी कुठे मिळेल, मुक्काम कुठे पडेल, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी किती दिवस टिकतील, कापूसवेचणी सोडून घरचे कोण येऊ शकेल आणि तिथी कोणत्या वारी येते, हे सारे घरात बसूनच ठरे. त्याला कोणी आराखडा म्हटले नाही, पण तो आराखडाच होता. म्हणून या प्रकल्पात मुलांना आजीकडे पाठवणे हा मला सर्वांत फलदायी भाग वाटतो. आजी अहिराणीत सांगते, मुलगा वहीत प्रमाण मराठीत लिहितो, आणि ‘कितलं’ याला ‘किती’ लिहिताना दोन बोलींमधले अंतरही त्याला मोजावे लागते. रावेर-यावलकडच्या मुलांच्या वहीत लेवा बोली येते, नंदुरबारमधल्या अक्राणीकडच्या मुलांच्या वहीत भिली आणि पावरी.

‘प्रकल्प’ हा शब्द शाळेत आला तो अमेरिकेतून. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळा म्हणून शाळा चालवली आणि त्यांच्या विचारांच्या वाटेने विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली. मुलाने मनापासून स्वीकारलेले काम हे शिक्षणाचे एकक मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे याच्याशी जुळणारा, पण श्रमाला केंद्रस्थानी ठेवणारा विचार गांधीजींच्या नई तालीममधून आला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन आपल्या फैजपूरला भरले, त्यानंतर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. ‘समवाय’ हा त्यातला कळीचा शब्द. टकळीवर, म्हणजे सूत कातायच्या हातचातीवर, काढलेले तार मोजणे हे गणित, कापूस कोणत्या जमिनीत येतो हा भूगोल आणि विणकराचे जीवन हा समाजाचा अभ्यास, अशी एका कामातून अनेक विषय शिकवण्याची रीत त्यातून शिक्षकांना मिळाली. कापसाच्या खानदेशात हे पटायला कठीण नव्हते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत टकळी तासिकेपुरती उरली, १९६४-६६ च्या कोठारी आयोगानंतर ‘कार्यानुभव’ आला, आणि समवायाची मूळ कल्पना, जी सर्वांत मोलाची होती, ती मागे पडली.

सहल मात्र चालूच राहिली. एसटीचे जाळे खेडोपाडी पोहोचल्यावर प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने ठरवून, अजिंठा, पाल, तोरणमाळ, उनपदेव, पद्मालय, फरकांड्याचे झुलते मनोरे अशा ठिकाणी शाळा जाऊ लागल्या. या सहलींनी मुलांना पुष्कळ दाखवले. मात्र ठिकाण, वाट, वेळ आणि पैसा यांविषयीचा प्रत्येक निर्णय मोठ्यांचा असे आणि मुले प्रवासी असत. परतल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध लिहिला की काम संपे. निबंधात पहाट, गाणी, डबा आणि परतीची झोप यायची. गाडीने किती अंतर कापले हे क्वचितच यायचे, कारण ते मुलांनी कधी मोजलेलेच नव्हते.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतील. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याची दिशा दिली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि आकारिक, म्हणजे शिकतानाच वेळोवेळी होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रकल्प’ अधिकृतपणे आला. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाची सुरुवातच क्षेत्रभेटीच्या पाठाने होऊ लागली, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले. कागदावर जागा झाली, पण अनेक शाळांत ती पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांनी भरली गेली. दोष शिक्षकांपेक्षा नोंदींच्या ओझ्याचा होता, असे मी अनुभवावरून म्हणतो.

चित्रे चिकटवणे आणि सहल खरोखर आखणे यांतील फरक एका जुन्या उदाहरणात दिसतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले गेले : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांसाठी किती बस लागतील? (आकडा योगायोगाने पाटणच्या शिलालेखाच्या शकाचाच आहे.) बहुतेकांनी भागाकार बरोबर केला. तरी ३२ हे उत्तर एक चतुर्थांशाहूनही कमी मुलांनी दिले आणि त्याहून अधिक मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. ती बाकी म्हणजे रस्त्यात उभी राहिलेली बारा माणसे आहेत, हे त्यांच्या मनात आले नाही, कारण त्यांना कुठे जायचेच नव्हते.

आमच्या वर्गाने पाटणादेवीची सहल आखली तेव्हा ७३ मुले आणि पाच मोठी माणसे होती, गाडी ४४ आसनांची. एका मुलाने पटकन ‘पावणेदोन एसट्या’ असे उत्तर दिले. अचूक उत्तर १ पूर्णांक १७/२२ येते, म्हणजे त्याचा अंदाज फारच जवळचा होता, आणि पाऊणकीचे पाढे त्याला घरातल्या कुणीतरी शिकवले असणार. पण ‘पावणेदोन’ ऐकताच मागच्या बाकावरून प्रश्न आला की उरलेल्या पाव गाडीचे भाडे कोण देणार. तिथून वर्ग अर्धा तास बोलत होता. दहा आसने रिकामी जाणार, त्यांचे पैसे सर्वांवर वाटायचे, की शेजारच्या तुकडीतील दहा मुले घ्यायची, आणि घेतली तर डब्यांच्या, पाण्याच्या आणि सोबतच्या शिक्षकांच्या संख्येचे काय? शेवटी त्यांनी नऊ मुले आणि एक शिक्षिका घेतली.

अंतरासाठी आम्ही नकाशावर दोरा टाकला होता. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टाचणी, टाचणीला वळसा घालून दोरा, मग दोरा सरळ करून पट्टीवर, आणि प्रमाणाने गुणून किलोमीटर. वहीत ४९ लिहिले गेले. पुढच्या सीटवर बसलेल्या दोन मुलींनी निघताना आणि पोहोचल्यावर गाडीच्या मीटरवरचे आकडे टिपले, तर फरक ५४ चा निघाला. आधी त्यांना आपले चुकले असे वाटले. मग त्यांनी चालककाकांना विचारले, वाटेत चाळीसगावच्या स्थानकात गाडी आत जाऊन बाहेर आली होती ते आठवले, आणि नकाशा लहान असला की रस्त्याची बारीक वळणे त्यात मावत नाहीत हे ध्यानात आले. परतीच्या प्रवासात त्यांनी पुन्हा मीटर टिपला. त्या वेळी गाडी स्थानकात गेली नाही, आणि आकडा ५२ आला.