सुट्टीतला अभ्यास: प्रत्येक काळानं तराजूत काय टाकलं

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिकवणी आणि छंदवर्गांत गुंतवावं की मोकळं सोडावं, हा प्रश्न आजच्या पालकांचाच नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मार्शल या कवीनं एका शाळामास्तराला विनवलं होतं: जुलैचं ऊन पीक भाजून काढतंय, तुझ्या छड्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निजू देत, उन्हाळ्यात मुलं धडधाकट राहिली की पुरेसं शिकली. त्याच्या तराजूत होती मुलांची तब्येत. पुढे प्रत्येक काळानं त्या तराजूत वेगळं काही टाकलं आणि सुट्टीत अभ्यास असावा की नसावा, याचं उत्तरही तसतसं बदलत गेलं.

लांबलचक उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामांसाठी सुरू झाली, असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेपुरतं तरी ते खरं नाही. तिथे पेरणी वसंतात आणि कापणी शरदात. खेड्यांतल्या शाळा नेमक्या त्या काळात बंद असत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्या भरत. शहरांतल्या शाळा तर जवळजवळ वर्षभर चालत. १८४२ मध्ये न्यू यॉर्कच्या शाळा २४८ दिवस उघड्या होत्या. मुलं मात्र रोज येतच असं नाही, कारण हजेरीची सक्ती नव्हती. तसा पहिला राज्यव्यापी कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२ साली झाला.

शहरी शाळांचे हे दिवस कमी होण्यामागे एक भीती होती, आणि सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतील या आजच्या भीतीच्या ती बरोबर उलट होती. कोवळ्या वयात फार अभ्यास केला तर मेंदू शिणतो, मज्जासंस्था दुबळी होते, वेड लागण्यापर्यंत मजल जाते, असं त्या काळचे मोठे डॉक्टर मानत. अमरायाह ब्रिगॅम या डॉक्टरांनी १८३२ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. सार्वजनिक शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे होरेस मान यांनाही ही काळजी होती. तिच्या जोडीला कोंदट वर्गखोल्या, उन्हाळ्यातल्या साथी, थंड हवेच्या जागी निघून जाणारी सुखवस्तू कुटुंबं, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी लागणारा वेळ आणि शाळा चालवण्याचा खर्च, अशी बरीच कारणं जमली. म्हणजे सुट्टी हे शिक्षणात पडलेलं खिंडार नव्हतं. मुलाला जपण्यासाठी ती मुद्दाम आखलेली होती. आज हे आपण पार विसरलोय, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

सुट्टी मिळाली, पण गरीब वस्त्यांतल्या मुलांनी ती घालवायची कुठे? झुरिकचे पाद्री वाल्टर बिऑन यांनी १८७६ मध्ये शहरातली ६८ मुलं अ‍ॅपेन्झेलच्या डोंगराळ भागात नेली. भटकंती, खेळ, चांगलं अन्न, मोकळी हवा. ही कल्पना युरोपभर पसरली. या सुट्टी-वसाहतींत एक पद्धत पुढे रूढ झाली: निघताना मुलाला काट्यावर उभं करायचं, परत आल्यावर पुन्हा उभं करायचं, आणि वाढलेलं वजन वहीत टिपायचं. उन्हाळा सत्कारणी लागला की नाही, ते किलोंमध्ये कळायचं.

अमेरिकेतल्या शहरांनी दुसरी वाट धरली. नेवार्कच्या शिक्षण मंडळानं १८८५ मध्ये ‘सुट्टीची शाळा’ उघडली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत न्यू यॉर्क आणि शिकागोतही अशा शाळा निघाल्या. रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांना आसरा मिळावा हा मूळ हेतू. त्यामुळे तिथे भर होता सुतारकाम, शिवणकाम, गाणी, निसर्गाचं निरीक्षण आणि सहलींवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र त्यांचं रूप पालटलं. राहिलेले विषय पुरे करण्याचे आणि नापास झालेल्यांना वर काढण्याचे ते वर्ग झाले. सुट्टीतली शाळा म्हणजे शिक्षा, ही भावना तिथूनच चिकटली असावी.

घरी करायच्या सुट्टीच्या अभ्यासाचा इतिहास वेगळा आहे. फ्रान्समध्ये रोजे मान्यार यांनी १९३३ मध्ये पहिली ‘सुट्टीची वही’ छापली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती भरत आली. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे उन्हाळी सुट्टी वर्षाच्या मध्येच येते. पहिलं सत्र संपलेलं असतं, दुसरं यायचं असतं. म्हणून तिथे सुट्टीच्या गृहपाठाला अर्थ आहे: चित्रांची रोजनिशी, स्वतः निवडलेल्या विषयाचा छोटा शोध. सकाळी रेडिओच्या तालावर कवायत, आणि हजेरीबद्दल कार्डावर शिक्का. ही रेडिओ-कवायत १९२८ पासूनची. जिथे उन्हाळ्यात इयत्ताच संपते, तिथे हाच गृहपाठ अधांतरी लोंबकळतो. तो तपासणारे शिक्षक बदललेले असतात आणि नव्या वर्गात त्याची कुणी विचारपूसही करत नाही. सुट्टीचा अभ्यास देणाऱ्या शाळांनी एवढ्या एका मुद्द्याचा तरी विचार करावा.

आता विसरण्याबद्दल. अमेरिकेत १९०६ मध्येच विल्यम व्हाइट यांनी सुट्टीच्या आधी आणि नंतर मुलांची अंकगणिताची चाचणी घेतली होती. ठळक आकडा आला १९९६ मध्ये. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यास एकत्र तपासले आणि उन्हाळ्यात सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी घसरण होते असं मांडलं. ती सर्वाधिक होती आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये. हे समजण्यासारखं आहे. वजाबाकीत हातचा घेणं ही पायऱ्यांची गोष्ट आहे. दोन महिने हात चालला नाही तर मूल मधल्याच पायरीवर अडखळतं. संकल्पना गेलेली नसते, सवय गेलेली असते. आणि एकदा शिकलेलं पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. घसरणीचे आकडे सांगताना ही दुसरी बाजू सहसा गाळली जाते.

खरी खळबळ मात्र विषमतेच्या प्रश्नानं उडवली. बार्बरा हाइन्स यांनी १९७८ मध्ये अटलांटातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्रीमंत आणि गरीब मुलांमधली दरी उन्हाळ्यात वाढते, असं त्यात दिसलं. बाल्टिमोरमध्ये १९८२ पासून पहिलीच्या ७९० मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या संशोधकांनी याला नळाची उपमा दिली: शाळा चालू असताना नळ सगळ्यांसाठी वाहतो, सुट्टीत तो बंद होतो, आणि ज्यांच्या घरी साठा आहे त्यांचंच भागतं. या उपमेवर कित्येक कार्यक्रम उभे राहिले. २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी हेच निष्कर्ष नव्या चाचण्यांवर ताडून पाहिले, तेव्हा दरी तशी फुगताना दिसली नाही. जुन्या चाचण्यांच्या गुणमापनातच दोष होता. दरी बरीचशी शाळेत पाऊल टाकण्याआधीच पडलेली असते. ज्या आकड्यांनी पालकांच्या पोटात गोळा आला, त्यांतले काही इतके कच्चे होते.

छंदवर्गांचं काय? कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१४ मधल्या अभ्यासात सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचं वेळापत्रक पालकांकडून नोंदवून घेतलं होतं. मोठ्यांनी आखलेला वेळ कमी आणि स्वतःचा वेळ जास्त असलेली मुलं, कुणी न सांगता आपलं आपण काम आखण्यात सरस ठरली. अभ्यास छोटा आहे, एकातून दुसरं घडतं हे त्यानं सिद्ध होत नाही. तरी सकाळी पोहणं, दुपारी चित्रकला, संध्याकाळी बुद्धिबळ असा दिवस आखण्याआधी तो आठवावा, असं मला मनापासून वाटतं. रोज दहा मिनिटं आकडेमोडीला माझी हरकत नाही; बाकीचा दिवस मुलाचा असू द्यावा.

वाचनाची गोष्ट मात्र वेगळी. हाइन्स यांनाही उन्हाळी प्रगतीशी सर्वांत घट्ट नातं वाचनाचंच दिसलं होतं. फ्लॉरिडात रिचर्ड ऑलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रांझन यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या ८५२ मुलांना सलग तीन उन्हाळे प्रत्येकी १२ पुस्तकं दिली, कायमची. २०१० मध्ये निष्कर्ष आले: मुलांचं वाचन जितकं सुधारलं, ते उन्हाळी शाळेत बसवून मिळालं असतं त्याच्याशी तुलना करण्याजोगं होतं. गृहपाठ नव्हता, चाचणी नव्हती, प्रश्नोत्तरं नव्हती. सुट्टी लागण्याआधी शाळेत पुस्तकं मांडली जायची आणि मुलं हवी ती उचलायची. कित्येकांनी उचलली ती आवडत्या गायक-गायिकांची चरित्रं.