आयेशा : एका नावाची पूर्वपीठिका

मुलींच्या नावांच्या याद्यांमध्ये आयेशापुढे ‘सुखी’, ‘समृद्ध’, ‘आनंदी’ असे अर्थ बिनदिक्कत दिलेले असतात. मूळ अर्थ त्याहून साधा आहे आणि मला तोच जास्त भावतो : जगणारी. अरबीत ‘आश’ म्हणजे ‘तो जगला’. त्याच क्रियापदाचं कर्तृवाचक स्त्रीलिंगी रूप म्हणजे आयेशा. पुरुषांत याच धातूवरून ‘यईश’ हे नाव आहे, ‘तो जगतो’ अशा अर्थाचं. अलेप्पोचे प्रसिद्ध व्याकरणकार इब्न यईश (मृत्यू १२४५) यांच्या नावात ते दिसतं.

सुखसमृद्धीची छटा आली ती ‘ऐश’ या नामामुळे. अरबीत ऐश म्हणजे जीवन, निर्वाह; इजिप्तच्या बोलीत तर रोजच्या पावालाच ऐश म्हणतात. फारसीत या शब्दाला चैनीचा रंग चढला आणि आपल्याकडे तो ‘ऐशआराम’ होऊन आला. याच धातूतला ‘मआश’ म्हणजे उपजीविका. विद्वानांना आणि फकिरांना चरितार्थासाठी मिळणाऱ्या जमिनींना मुघल काळात ‘मदद-ए-मआश’ म्हणत. आणि ज्याची उपजीविकाच वाईट मार्गाची, तो बदमाश! आयेशा आणि बदमाश हे शब्द एकाच मुळाचे आहेत, यावर चटकन विश्वास बसत नाही.

पण नाव जगभर पसरलं ते अर्थामुळे नव्हे, एका व्यक्तीमुळे. पहिले खलिफा अबू बक्र यांची कन्या आणि पैगंबर मुहम्मद यांची पत्नी आयेशा. ‘पैगंबरांची पत्नी’ एवढीच त्यांची ओळख करून देणं मला अपुरं वाटतं. पैगंबरांनंतर त्या जवळजवळ अर्धशतक जगल्या. सुमारे २,२१० हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, त्यांच्या नावावर आहेत, आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत भाचे उर्वा यांच्यासारखे मोठे विद्वान होते. कोणी चुकीचं सांगितलं तर त्या स्पष्टपणे खोडून काढत. नमाज पढणाऱ्यासमोरून कुत्रा, गाढव किंवा स्त्री गेली तर नमाज मोडते, असं त्यांच्या कानावर आलं. ‘तुम्ही आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या रांगेत बसवलंत?’ असं त्यांनी विचारलं आणि सांगितलं, की त्या समोर पहुडलेल्या असतानाही पैगंबर नमाज पढत असत. त्यांनी केलेल्या अशा दुरुस्त्यांचा स्वतंत्र ग्रंथच चौदाव्या शतकात झरकशी यांनी सिद्ध केला.

इ.स. ६५६ मध्ये बसऱ्याजवळ त्या अलींच्या, म्हणजे पैगंबरांचे जावई आणि शिया ज्यांना पहिले इमाम मानतात त्यांच्या, विरोधात उभ्या राहिल्या. त्या उंटावरच्या अंबारीत होत्या, म्हणून ती ‘उंटाची लढाई’. शिया कुटुंबांत हे नाव आजही क्वचितच का आढळतं, याचं उत्तर मुख्यतः या वैरात आहे. सुन्नी जगात मात्र ते घरोघरी पोचलं. दमास्कसच्या सूफी कवयित्री आयेशा अल-बाऊनिया (मृत्यू १५१७) आणि एकोणिसाव्या शतकात इजिप्तच्या कवयित्री आयेशा तैमूर, अशा लिहित्या बायकांची एक ओळच या नावामागे आहे.

वाटेत उच्चार बदलत गेले. तुर्कीत ‘आयशे’, इंडोनेशियात ‘आइस्या’, सेनेगल-गिनीत ‘आइसातू’. या शेवटच्या रूपात अरबीतला स्त्रीलिंगी ‘त’ टिकून राहिलेला ऐकू येतो. स्वाहिलीत त्याचं ‘आशा’ झालं. ऐकायला ते थेट आपलं वाटतं, पण आपल्या संस्कृत ‘आशा’शी त्याचा काहीही संबंध नाही.

इंग्रजी वाचकांत हे नाव रुजवलं ते रायडर हॅगार्ड यांच्या ‘शी’ या कादंबरीने. ती १८८६-८७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्यातल्या अद्भुत राणीचं नाव आयेशा. शतकानुशतकं मरण टाळणाऱ्या स्त्रीला ‘जगणारी’ हे नाव किती चपखल! सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे गरोदरपणी हीच कादंबरी वाचत होत्या. १९१९ मध्ये लंडनला मुलगी झाली, तिचं नाव रीतसर गायत्री ठेवलं गेलं, पण जयपूरच्या या भावी महाराणीला जवळची माणसं आयुष्यभर आयेशाच म्हणत राहिली.