गट हलला की पक्ष बदलला?

निकाल लागला की ‘अमुक पक्ष आता पूर्वीचा राहिला नाही’ असं लगेच बोललं जातं. कोल्हापुरात हा निष्कर्ष हमखास फसतो. सदाशिवराव मंडलिक इथून 1998 मध्ये काँग्रेसकडून, 1999 आणि 2004 मध्ये राष्ट्रवादीकडून आणि 2009 मध्ये चक्क अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. पुढे त्यांचे पुत्र संजय मंडलिक शिवसेनेकडून 2014 मध्ये पडले, 2019 मध्ये निवडून आले. चिन्हं बदलत गेली, पण पाठीशी कागलचा मंडलिक गट, म्हणजे या घराण्याला मानणारे कार्यकर्ते आणि मतदार. इथे पक्षाचा विचार बदलला की गटाने फक्त झेंडा बदलला, हे वेगळं काढावंच लागतं.

विचार तपासायचा तर जाहीरनामे घ्या. राज्यशास्त्रात त्याची रूढ पद्धत आहे: वाक्य फोडायचं आणि प्रत्येक मुद्दा एकाच विषयाखाली टाकायचा. ‘शेतकऱ्याला दिवसा वीज देऊ आणि भ्रष्टाचार मोडून काढू’ हे दोन मुद्दे झाले, एक नव्हे. मग प्रत्येक विषयाचा टक्का काढून आधीच्या निवडणुकांशी ताडून बघायचा. एकाच निवडणुकीत उसळलेला विषय प्रसंगाचा असू शकतो; ओळख बदलली म्हणायला तो कल दोन-तीन निवडणुका टिकायला हवा.

गट शोधायचा तर नमुना 20, म्हणजे निवडणुकीचं अंतिम निकालपत्रक, उघडा. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. मंडलिकांना 2009 मध्ये अपक्ष म्हणून जिथे भरघोस मतं पडली, तिथेच 2014 मध्ये सेनेला पडली का, ते बघा. केंद्र क्रमांकावरून जुळवणी करू नका, क्रमांक बदलतात. गावाच्या नावाने जुळवा. 2004 च्या आकड्यांशी तुलना तर जपूनच करा, कारण 2009 पासून मतदारसंघांच्या हद्दी नव्या आहेत; इचलकरंजी जाऊन हातकणंगले आला तो तेव्हाच.

सगळ्यात मोठा घोटाळा युतीमुळे होतो. 2019 मध्ये सेनेच्या मतांत भाजपची मतं होती; 2024 मध्ये शाहू छत्रपती काँग्रेसकडून जिंकले, तेव्हा ठाकरे गट आणि शरद पवार गट सोबत होते. युतीचा आकडा एका पक्षाच्या नावावर टाकला की पुढचं सगळं गणित चुकतं.

शिवाय केंद्राची बेरीज तीच राहिली, तरी माणसं तीच असतील असं नाही. त्यासाठी मतदारालाच विचारावं लागतं: पक्ष बघून मत दिलं की उमेदवार बघून? आणि हे मतदान झाल्या झाल्या, निकालाआधी विचारावं. निकालानंतर पुष्कळ जण जिंकलेल्यालाच मत दिल्याचं सांगतात.